सगळंच मॉक केलं, तर तपासलं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरच्या लेखात, कंट्रोलरची (वेब रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणाऱ्या क्लासची) टेस्ट लिहिताना त्याला लागणाऱ्या सगळ्या डिपेंडन्सी मॉक कराव्यात, म्हणजे त्यांच्या जागी नकली ऑब्जेक्ट ठेवावेत, असा सल्ला आहे. तो जसाच्या तसा पाळला तर टेस्ट हिरव्या होतील, पण कामाच्या राहणार नाहीत.

टेस्ट क्लासवर ‘वेबएमव्हीसीटेस्ट’ हे ॲनोटेशन लावले की कंट्रोलर, कंट्रोलर-ॲडव्हाइस, फिल्टर, जेसन कन्व्हर्टर अशी वेबची बाजूच लोड होते. सर्व्हिस, रिपॉझिटरी आणि साधे कंपोनंट येत नाहीत. समजा, ऑर्डरकंट्रोलरला ऑर्डरसर्व्हिस आणि (आतला डेटा उत्तराच्या रूपात बदलणारा) ऑर्डरमॅपर दोन्ही लागत असतील, तर बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) सापडत नाही म्हणून कॉन्टेक्स्ट (अशा बीनचा संच) उभाच राहत नाही. मग घाईघाईने दोन्ही मॉक होतात. सर्व्हिस पुढे डेटाबेसपर्यंत जाते, तिला मॉक करणे रास्तच. मॅपर मात्र खरा हवा. तो टेस्ट क्लासवर ‘इम्पोर्ट’ने द्यावा. मॅपर मॅपस्ट्रक्टचा (इंटरफेसवरून मॅपरचा कोड तयार करणाऱ्या टूलचा) असेल तर इंटरफेस देऊन भागत नाही, त्यातून तयार झालेला, नावाशेवटी ‘इम्पल’ असलेला क्लास द्यावा लागतो.

मॅपर खरा हवा, कारण ‘व्हेन’ने (कोणत्या कॉलला काय परत द्यायचे हे) काहीच न शिकवलेला मॉक तक्रार करत नाही. मॉक बनवणारी लायब्ररी मॉकिटो अशा वेळी ऑब्जेक्टसाठी नल देते, लिस्टसाठी रिकामी लिस्ट. मॉक मॅपरने दिलेला नल कंट्रोलरने तसाच परत केला की स्टेटस २०० आणि बॉडी कोरी! टेस्टमध्ये नुसते ‘इज-ओके’ (स्टेटस २०० आहे का, एवढेच पाहणारे) असेल तर ती पास. निदान उत्तरातले एखादे फील्ड तरी ‘जेसनपाथ’ने तपासाच.

लेखातले, कॉन्टेक्स्टमध्ये मॉक ठेवणारे ‘मॉकबीन’ स्प्रिंग बूट ३.४ मध्ये डेप्रिकेट झाले (पुढे वापरू नये असे ठरले) आणि ४.० मध्ये काढूनच टाकले. त्याजागी स्प्रिंग फ्रेमवर्क ६.२ चे ‘मॉकिटोबीन’ आहे. नुसते नाव बदलून चालत नाही. कॉन्फिगरेशन क्लासमध्ये ठेवलेले मॉक तिथे चालत नाहीत, ते टेस्ट क्लासमध्ये किंवा त्याच्या बेस क्लासमध्ये आणावे लागतात. सामाईक बेस क्लास तसाही फायद्याचा: मॉकचा संच बदलला की स्प्रिंग नवा कॉन्टेक्स्ट उभा करते, आणि बिल्ड रेंगाळते ती बहुधा इथेच. उभे केलेले कॉन्टेक्स्ट पुन्हा वापरायला ठेवणाऱ्या कॅशमध्येही डीफॉल्टनुसार ३२च मावतात.

टेस्टमधल्या पोस्ट रिक्वेस्टला ४०३ (परवानगी नाही) आला की काही जण सिक्युरिटीचे फिल्टरच बंद करतात. बहुतेकदा सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच साइटवरून आल्याची खूण) नसते, एवढेच. रिक्वेस्टला ‘विथ’मधून ‘सीएसआरएफ’ जोडा, फिल्टर चालू राहू द्या.

आपला,
एक बॅकएंड डेव्हलपर, पुणे