आतड्याच्या रुग्णाने खायचे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी तासगाव तालुक्यात राहते. मला क्रोन्स, म्हणजे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा आजार आहे. गेल्या महिन्यात एका रुग्णालयातून घरी सोडताना मला मधुमेहींसाठी छापलेले आहारपत्रक देण्यात आले: कोंड्यासकट भाकरी, मेथी, कच्ची कोशिंबीर, सालीसकट फळे. माझे लहान आतडे एका जागी अरुंद झाल्याचे त्यासोबतच्याच अहवालात लिहिले होते. अशा आतड्यात चोथा अडकतो आणि तो अडकला. रात्रभर उलट्या काढून पहाटे भाड्याच्या गाडीने मिरज गाठावे लागले. ते पत्रक देणाऱ्या परिचारिकेला मी दोष देत नाही, कारण तिच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञच नव्हता. ‘लवकरच नेमणूक होईल’ हे मात्र मी पूर्वीपासून ऐकत आले आहे.

मंत्रिमहोदय, या आजारात आहार हाच उपचाराचा भाग असतो. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाते. तो भाग कापला गेला तर ते बहुधा इंजेक्शनने घ्यावे लागते. रक्तस्रावाने लोह घटते, स्टिरॉइडने हाडे झिजतात, आणि दाह चढलेला असताना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. लहान मुलांच्या क्रोन्सवर तर ६ ते ८ आठवडे केवळ द्रव पोषण देणे हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. आम्हाला मिळतो तो ‘तेलकट-तिखट टाळा’ एवढाच सल्ला. कुणी विचारून सांगणारे नसल्याने मी भीतीपोटी दूध सोडले, डाळी सोडल्या, अंडी सोडली. अंगावरचे मांस गेले, द्राक्षाच्या बागेत तासभर उभे राहवेना, आणि शौचालय कुठे असेल या धास्तीने माहेरच्या लग्नाला जाणेही टाळले.

सुरुवातीला माझा आजार आतड्याचा क्षय समजला गेला. दोन्ही आजार इतके सारखे दिसतात की आपल्या देशात अशी गफलत पुष्कळांची होते. तोवर क्षयरुग्णांना आहारासाठी मदत देणाऱ्या निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येत. नोव्हेंबर २०२४ पासून ही मदत दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली, ते योग्यच झाले. माझे निदान बदलले आणि मदत बंद पडली. आतडे तेच होते, अशक्तपणाही तोच होता.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्ण दाखल झाल्यावर कामी येते, पण दाखल व्हावेच लागू नये म्हणून लागणारा आहारसल्ला आणि पूरक आहार ज्याचा त्याने पाहावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही या आजाराचे नाव नाही. खाटेवर आडवे पडेपर्यंत ज्या व्यवस्थेला रुग्ण दिसतच नाही, तिने आमच्या आरोग्याची हमी कोणत्या तोंडाने द्यावी?

सांगली जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत आहारतज्ज्ञांची पदे भरावीत, आतड्याच्या रुग्णांसाठी मऊ भात, मुगाचे वरण, अंडे अशा आमच्या घरातल्या अन्नाचे वेगळे पत्रक काढावे, आणि क्षयाचे निदान बदलले तरी कुपोषित रुग्णाची पोषण मदत थांबवू नये. नेमणुकीची तारीख मला लेखी कळवावी. तोंडी आश्वासन मी यापुढे स्वीकारणार नाही.

आपली,
एक क्रोन्सग्रस्त रुग्ण
ता. तासगाव, जि. सांगली