घरचा भार की घरातले स्थान?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात वाढणाऱ्या मुलांचा विषय निघाला की ‘धड इकडची ना धड तिकडची’ असा शेरा आपण सहज मारतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्स येथे मुलीकडे सहा महिने राहून आल्यापासून मला तो अन्यायाचा वाटतो.

खालच्या मजल्यावर इक्वेडोरहून आलेले कुटुंब राहत होते. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून आली की विजेचे बिल, घरमालकाचे पत्र आणि धाकट्या भावाच्या शाळेची सूचना टेबलावर पसरून आईला स्पॅनिशमध्ये एकेक ओळ समजावून सांगे आणि फोनवर आईची बाजू ठामपणे मांडे. आधी मला तिची कीव आली. पण आपल्यावाचून या घराचे अडते, हे त्या मुलीला पक्के ठाऊक होते आणि ते तिच्या बोलण्यात दिसे.

मानसशास्त्रज्ञ इव्हा टेल्झर आणि अँड्र्यू फुलिग्नी यांनी लॉस एंजेलिसमधील लॅटिन अमेरिकी, आशियाई व युरोपीय वंशाच्या किशोरवयीनांकडून दोन आठवडे रोजच्या नोंदी घेतल्या होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, घरच्यांना मदत केलेल्या दिवशी मुले अधिक आनंदी असल्याचे आणि त्यामागे ‘मुलगा किंवा मुलगी म्हणून आपण आपले काम केले’ ही भावना असल्याचे आढळले.

अर्थात, आईच्या गंभीर आजाराचे निदान तिला सांगण्याची वेळ मुलावर येता कामा नये. म्हणूनच अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी, आणीबाणी वगळता, रुग्णालयांनी अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास मनाई केली, हे योग्यच झाले.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या सुस्थितीतील मराठी घरांची. आईवडिलांना इंग्रजी येते, त्यामुळे मुलांनी फक्त अभ्यास करावा, ताटही उचलू नये, असा आपला खाक्या असतो. मग सोळाव्या वर्षी ‘मी हे सगळे कशासाठी करतो?’ असे मुलाने विचारले की आपण गोंधळून जातो. माझी नात तेथे दर रविवारी माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत असे आणि एखादी चुकली तर मला रागवत असे. मी परतल्यावरही ती दर रविवारी फोन करून डबी कॅमेऱ्यासमोर धरायला लावते.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे