बोटीत पाणी भरण्याआधी ते काढायची सोय करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊसमान बरे झाले की मराठवाड्यातल्या धरणांवर जलक्रीडेचा विषय निघतोच. बोटी, परवाने, पर्यटन यांवर बोलले जाते. बोटीच्या आत काय बसवले जाते याकडे कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

जलक्रीडेतलाच एक खेळ वेकबोर्डचा. त्यात बोटीला बांधलेली दोरी धरून फळीवर उभे राहायचे आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी घ्यायची. बोट पाण्यात जितकी खोल बसेल तितकी लाट मोठी. त्यासाठी बोटीत जाड प्लास्टिकच्या पिशव्या ठेवून पंपाने धरणाचेच पाणी भरतात आणि खेळ संपला की सोडून देतात. याला बॅलास्ट म्हणतात. ‘प्यायला पाणी नाही आणि बोटीत कसले भरता?’ असे कोणी विचारेल. २०१६ साली रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकडे तर विचारणारच. पण मध्यम बोटीत साधारण हजार लिटर पाणी जाते आणि ते त्याच धरणात परत पडते. काळजी वेगळीच आहे. या पिशव्या आणि पंप बसवण्याचे काम ज्याच्या हातात जाते त्याला बहुधा विहिरीवरची मोटार ठाऊक असते, बोट नसते.

वाळूची पोती टाकली की भागते, असे सांगणारे भेटतात. भागत नाही. बोटीत पाणी शिरले तर पिशवीतले पाणी तिला आणखी खाली ओढत नाही; पाण्यात पाण्याला वजन राहत नाही. वाळू मात्र ओढत राहते. शिवाय पोते फाटले की तळाचे पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची जाळी बुजते, तीही नेमकी गरजेच्या वेळी.

आधी हिशेब. मागे दोन्ही बाजूंना तीनतीनशे लिटरच्या पिशव्या आणि पुढे साडेतीनशेची, म्हणजे साडेनऊशे किलो. सत्तर किलोचा माणूस धरला तर तेरा-चौदा जण झाले. बोटीच्या पाटीवर जी वजनाची मर्यादा असते, त्यात हे पाणी धरायचे असते. पाणीही पूर्ण आणि माणसेही पूर्ण, असे चालत नाही. सगळे वजन मागे घातले तर बोटीचे नाक वर उठते आणि चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. पुढे जास्त झाले तर वेग कमी करताना स्वतःचीच लाट नाकावरून आत येते. साठ टक्के मागे आणि चाळीस पुढे यापासून सुरुवात करून नंतर पिशव्यांच्या जागा थोड्याथोड्या बदलाव्यात. पिशवी अर्धी ठेवू नये. अर्धे पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि बोट त्याच बाजूला कलते. एक तर पूर्ण भरा, नाही तर पूर्ण रिकामी करा.

आता धरणाचे पाणी आत घेणारे तळाचे छिद्र. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून बॅलास्टचे पाणी घेण्याचा मोह होतो, कारण नवे छिद्र पाडावे लागत नाही. पंप चालू असताना इंजिनला पाणी कमी पडते आणि ते तापते. त्यामुळे छिद्र स्वतंत्रच हवे. आतून बारीक ड्रिलने जागा पक्की करावी, मग बाहेरून होल-सॉ (गोल छिद्र कापणारे पाते) आधी उलटा फिरवावा म्हणजे वरचा रंगाचा थर फुटत नाही, आणि त्यानंतर सुलटा. तळाच्या दोन थरांमध्ये लाकूड किंवा फोम असेल तर छिद्राच्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. नाही तर लाकूड पाणी पिऊन आतल्या आत कुजते. फिटिंग ब्राँझचे घ्यावे, त्याला लगेच लागून बॉल व्हॉल्व्ह, आणि सील बोटीसाठीच्या पॉलियुरेथेन सीलंटने करावे. एम-सील आणि बाथरूमचे सिलिकॉन इथे कामाचे नाही.

पंप दोन प्रकारचे. रबरी पाकळ्यांचा पंप दोन्ही दिशांना चालतो, म्हणजे एकाच पंपाने भरणे आणि काढणे दोन्ही होते. सुरू करताना त्यात पाणी ओतावे लागत नाही. पण कोरडा फिरला की रबर जळते, म्हणून पिशवी रिकामी झाल्याबरोबर तो बंद करायला माणूस हवा. तुटलेल्या पाकळीचे तुकडे पुढे नळीत जाऊन अडकतात, ते शोधून काढल्याशिवाय नवी पाकळी बसवू नये. बसवताना ग्रीस नको, साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे. दुसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल पंपाचा: स्वस्त, वीज कमी खाणारा, पण एकाच दिशेचा. भरायला एक आणि काढायला एक लागतो, आणि तो पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळून मोटारीने हवा धरली की ती नुसती फिरते, पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. याचेही तसेच होते. शिवाय बंद असताना हा पाणी अडवत नाही. तळाचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर विजेशिवायही पिशवी भरत राहते.

सर्वात जास्त चुका बाहेर जाणाऱ्या नळीत होतात. रिकामी बोट बघून मिस्त्री पाण्याच्या रेषेच्या चार बोटे वर छिद्र पाडतो. पिशव्या भरल्या की बोट खाली बसते, ते छिद्र पाण्याखाली जाते आणि सायफनने पाणी उलटे आत येते. म्हणून आधी माणसे आणि पाण्याच्या वजनाइतका भार टाकून बोट पाण्यात बसवा, बाजूला खूण करा आणि छिद्र त्या खुणेच्या बरेच वर घ्या. नळीही आधी बोटीच्या काठापर्यंत उंच नेऊन मग खाली आणावी. हवा जाण्यासाठी पिशवीच्या सर्वात वरच्या तोंडातून वेगळी नळी काढावी आणि तिच्यात एकतर्फी व्हॉल्व्ह बसवावा. त्यातून हवा बाहेर जाते, आत येत नाही, त्यामुळे रिकामी करताना पिशवी चपटी होत जाते. या नळीतून धार आली की पिशवी भरली असे समजावे. काढण्याचे तोंड सर्वात खालच्या बाजूला आणि पिशवी पट्ट्यांनी ताणलेली हवी. नाही तर पिशवीची भिंतच तोंडावर चिकटते आणि शंभरेक लिटर आत अडकून राहते. नळी आत तार असलेली, एक इंची घ्यावी. बागेची हिरवी नळी सक्शनला चपटी होते. पाण्याखालच्या प्रत्येक सांध्यावर स्टीलच्या दोन क्लिपा लावाव्यात.

वायर हा दुर्लक्षाचा विषय. १२ व्होल्टचा रबरी पाकळ्यांचा पंप १५ ते २० अँपिअर घेतो. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर झाली. घरगुती २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये २० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो. पंप मंद चालतो आणि वायर गरम होते. १० चौरस मिलिमीटर घेतली तर घट साधारण ०.४ व्होल्टवर येते. प्रत्येक पंपाला स्वतंत्र फ्यूज हवा आणि तो बॅटरीजवळ हवा, स्विचजवळ नको. तीन पंप एकदम लावायचे तर साठ अँपिअरपर्यंत भार जातो, तेव्हा इंजिन चालू ठेवावे. पेट्रोल इंजिनच्या कप्प्यातला पंप ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या बनावटीचाच असावा, कारण पेट्रोलची वाफ तळाशी साचते. जनरेटर ठेवून २३० व्होल्टची घरगुती मोटार बोटीत लावणे हा जिवाशी खेळ आहे. बिल्ज पंप आणि तळाशी पाणी वाढले की तो आपोआप लावणारा फ्लोट स्विच या सगळ्यापासून वेगळा ठेवावा.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू न करता बोट पाण्यात सोडावी, व्हॉल्व्ह उघडावा आणि सांध्यांभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरून पंधरा मिनिटे थांबावे. ओल आली की कागद लगेच सांगतो. मग एकच पिशवी भरून वेळ लिहून ठेवावी. मिनिटाला ४० लिटरचा पंप तीनशे लिटरला कागदावर साडेसात मिनिटे घेतो, प्रत्यक्षात जास्तच लागतात. पुढे कधी हा वेळ अचानक वाढला तर पाणी आत घेणाऱ्या तोंडावरची जाळी बुजली आहे किंवा पाकळी झिजली आहे. गोदावरीच्या गाळात पाकळ्या लवकर झिजतात आणि जलपर्णी असेल तिथे जाळी सारखी साफ करावी लागते. खेळ संपल्यावर पिशव्या घडी घालून शेडमध्ये टाकल्या तर उंदरांची चंगळ होते. धुऊन, वाळवून, उंच टांगाव्यात.

शेवटी धरणाबद्दल. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि छत्रपती संभाजीनगर तेच पाणी पिते. तिथे हा खेळ नकोच, असे आमचे मत आहे. इतर ठिकाणीही मोठ्या लाटेने थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकणारा मच्छीमार उलटू शकतो, म्हणून मासेमारीची जाळी लागलेल्या भागात पिशव्या रिकाम्या ठेवूनच जावे. बॅलास्टची नळी बिल्जला, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याला, कधीही जोडू नये, नाही तर इंजिनचे तेल पिण्याच्या पाण्यात जाते. येलदरीचे पाणी पिशवीत ठेवून बोट दुसऱ्या धरणावर नेली तर त्याबरोबर जलपर्णीचे बीही जाते. ज्या खात्याकडे बोटीच्या तपासणीचे काम आहे, त्याने बोट ट्रेलरवर चढण्याआधी पिशव्या काठावरच उघडून बघाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे.

आपले,
बोटदुरुस्ती व वायरिंगचे काम करणारे काही वाचक, नांदेड