गणवेशाचे पैसे दोनदा

सुरक्षारक्षकांच्या पगारातून गणवेशाचे पैसे कापले जात असल्याची बातमी वाचली. रक्षक महिनाभरातच नोकरी सोडतात म्हणून कपात करावी लागते, हा ठेकेदारांचा नेहमीचा खुलासा पटत नाही. सोसायटीला दिलेल्या दरपत्रकात मूळ वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा), बदली रक्षक यांच्यासोबत 'गणवेश' हा रकाना बहुधा असतोच. म्हणजे दोन शर्ट, दोन पँट, टोपी, पट्टा, बूट यांचे पैसे ग्राहकाने आधीच मोजलेले असतात. तेच पुन्हा रक्षकाकडून दोन-तीन हप्त्यांत वसूल होतात. तो गेला की तोच शर्ट धुऊन पुढच्याच्या अंगावर, आणि कपात नव्याने सुरू. (मापाचे विचारू नये, बाह्या दुमडायच्या.) खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या 2006 च्या केंद्रीय नमुना नियमांनुसार (2020 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) दंडावरचा बिल्ला, शिट्टी, लेसचे बूट आणि टोपी संस्थेनेच द्यायची होती. सोसायटीच्या कार्यकारिणीने बिल मंजूर करण्यापूर्वी दरपत्रक आणि रक्षकांच्या पगारपावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात. 'इतर कपात' या नावाखाली गणवेशाची रक्कम दिसली, तर ती रक्षकाला परत मिळाल्याशिवाय पुढचे बिल देऊ नये.

– एक वाचक, ठाणे