बंड्या माझ्याकडे आहे

पुणे, १४ जून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बंड्या ठीक आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण बाबा, पाकीट फोडल्यावर तुम्ही पहिलं तेच शोधाल. रविवारी मी आपलं कुत्रं सांगलीहून पुण्याला आणलं, तेव्हापासून फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून पत्र लिहायला बसले.

पेठ नाक्यापर्यंत तो कुंईकुंई करत होता. कराड गेल्यावर अर्णवच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला तो थेट खंबाटकीच्या बोगद्यात जागा झाला. घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी ज्वारीची भाकरी केली, तुमच्यासारखी दुधात कुस्करली आणि स्टीलच्या ताटलीऐवजी त्याच्या जर्मनच्या थाळीत घातली. (ती थाळी आईने न सांगता गाडीत ठेवली होती.) तेव्हा खाल्लं. आता दोन्ही वेळा जेवतो. रात्री आमच्या खोलीच्या दारात झोपतो, आत येत नाही.

बाबा, तुम्ही दुपारचे झोपला होतात तेव्हा मी त्याला गाडीत बसवलं. ते चुकलं. तुम्ही जागे असताना माझ्याने झालं नसतं म्हणून तसं केलं, पण तुम्हाला त्याच्या डोक्यावरून हात फिरवू न देता मी त्याला नेलं, ही गोष्ट आठवडाभर माझ्या घशात अडकली आहे. मला माफ करा. आणि आईवर रागावू नका. तिला मी "हात बरा होईपर्यंत" असं सांगितलं होतं. तेही पूर्ण खरं नव्हतं. प्लास्टर निघालं तरी बंड्या आता माझ्याकडेच राहील, हे मी मे महिन्यातच ठरवलं होतं.

घाटावर तुम्ही पडलात हे मला चार दिवसांनी कळलं. मनगटावर निभावलं. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पंचाहत्तरीनंतर हाच मार खुब्यावर बसला असता तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. बंड्याचा त्यात काही दोष नाही. मांजर दिसलं की बावीस किलोंचं ते अंग ओढणारच. पण पट्टा तुम्ही मनगटाला गुंडाळून धरता, सोडून द्यायचं तुमच्या मनातही येत नाही. महापुरात ज्या जिवाला तुम्ही पाण्यातून वर काढलंत त्याचा पट्टा तुम्ही कसा सोडाल? ते मला समजतं, बाबा. म्हणूनच पट्टा तुमच्या हातात नको.

दुसरं कारण मी इतके दिवस सांगितलं नाही. जानेवारीत तो दोन दिवस उलट्या करत होता, आठवतं? आपण म्हटलं उकिरड्यावरचं काही खाल्लं असेल. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी काय काय खायला देता असं विचारलं, मी सगळं सांगितलं, आणि बेदाण्यांपाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात. थेट मूत्रपिंडावर जातात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन बरा राहतो, एखादा थोड्याशानेही जातो, त्याचा नेम सांगता येत नाही. रक्त तपासलं, क्रिएटिनीन अगदी ठीक आलंय, काळजी करू नका. आणि मनाला तर मुळीच लावून घेऊ नका. तासगावचे बेदाणे ज्या घरात डब्याने येतात तिथे आल्यागेल्याच्या हातावर चार ठेवायची रीतच आहे, बंड्या तर घरचाच. हे मलाही माहीत नव्हतं. माझ्याही हातून त्याने खाल्लेत. तुमच्या कोटाच्या उजव्या खिशातले तुम्ही खात राहा, तुमच्या पोटाला ते चांगले.

आता त्या माडीवरच्या डब्याबद्दल. आई म्हणाली, तुम्ही त्याच्याकडे बघतही नाही आहात. "कुत्रं नेलं आणि मशीन ठेवून गेली" असं म्हणालात. तसं नाहीये हो. त्या डब्याचं काम मी मागच्या दिवाळीपासून करत होते, नेमकं त्याच रविवारी आणून ठेवलं हा माझा अविचार.

तो माझा जुना लॅपटॉप आहे, त्याला दोन टीबीची हार्डडिस्क जोडली आहे. त्यात जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, त्याला कुठे खातं उघडावं लागत नाही की महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत. सर्व्हर म्हणतात त्याला. तो पंगतीतल्या वाढप्यासारखा एका जागी सगळं सांभाळून असतो आणि खालच्या टीव्हीने मागितलं की वाढतो. इंटरनेट गेलं तरी चालतो, कारण सगळं घरातल्या घरातच असतं. तुम्ही त्या महिन्याच्या वर्गणीवाल्या चॅनेलांवर चिडता ते मला पूर्ण पटतं. आज दिसलेला सिनेमा पुढच्या महिन्यात गायब, आणि पैसे भरूनही आपलं काहीच नाही. ज्या गोष्टी आपल्याला पुन्हा पुन्हा लागतात त्या आपल्या घरात, आपल्या कपाटात असाव्यात, हे मी तुमच्याकडूनच शिकले. कॅसेटच्या पाठीवर बारीक अक्षरात तारीख लिहून ओळीने लावणारे तुम्हीच.

त्या कॅसेटच आहेत बाबा त्यात.

२०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागातलं आपलं कपाट चार दिवस बुडालं होतं. पाणी उतरल्यावर तुम्ही कॅसेटी गच्चीवर उन्हात पसरल्यात आणि मग एक दिवस काही न बोलता पोत्यात भरल्यात. ते पोतं मी भंगारवाल्याला दिलं नव्हतं. पुण्याला आणलं होतं. त्यात ६१ कॅसेटी होत्या. खोकी उन्हाने वाकली होती, फितीवर पांढरी बुरशी आणि कृष्णेचा गाळ. पाच-पाच स्क्रू काढून आतली रिळं बाहेर काढली, स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत वाळवली, नव्या खोक्यात बसवली. साठ मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला साठ मिनिटंच लागतात, तिथे घाई करता येत नाही. त्यामुळे मी प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आहे. २३ वाचल्या. बाकीच्यांसाठी मी खूप प्रयत्न केले.

मिरजेला मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात तुम्ही रात्र-रात्र बसून भरलेल्यांपैकी नऊ वाचल्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतल्या त्या मैफली. एका कॅसेटमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधी तुमचा आवाज आहे, "मनू, हात काढ तिथून." मी तेव्हा सहा वर्षांची असेन. दोन तानपुरे लागतायत, आणि मध्येच माझं रडणं, आणि तुम्ही हळूच म्हणताय, "ये, इथे मांडीवर ये." तेवढाच तुकडा मी किती वेळा ऐकला ते सांगता येणार नाही.

आणि आई, आजीच्या ओव्या वाचल्या. जात्याची घरघर जास्त आहे आणि आवाज मागे आहे, पण आहे. शेवटी ती विचारते, "भरलं का रं त्यात?" टीव्हीवर "आजी" असं लिहिलेलं चित्र दिसेल, त्यावर जाऊन मधलं गोल बटण दाब. एकटीने ऐकू नकोस. बाबांना शेजारी बसव.

आता गेम. दादाला मी बंगळुरूला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. १९९४च्या मे महिन्यात तुम्ही गणपती पेठेतून आणलेला व्हिडिओ गेम! मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डोचं, १९८३ सालचं, आपलं ते त्याच्या नकलेपैकी एक, पण आम्हाला त्याची काय पर्वा. सुट्टी संपली की तुम्ही अॅडॅप्टर काढून गोदरेजच्या कपाटात ठेवायचात. फितींपेक्षा गेमच्या कॅसेटींनी पूर चांगला सोसला. त्यांच्यात फीत नसते, चिप असते. स्पिरिट आणि कापसाने पितळी दात पुसले आणि पाचपैकी चार लागल्या. (दादाला सांगा, फुंकर मारल्याने कॅसेट कधीच लागत नव्हती, उलट थुंकीच्या ओलाव्याने दात गंजतात. काढून पुन्हा घातल्याने लागायची.) त्या चारही मी डब्यात घेतल्या आहेत. आई, तुझी विटा पडणारी आहे, टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोतल्या एका संशोधकाने बनवलेला तो खेळ तू गावभागात रात्री साडेअकराला आवाज बंद करून खेळायचीस, आणि मी पांघरुणातून बघायचे, हे तुला माहीत आहे का? तू हसायचीस एकटीच. तुला तसं हसताना मी दिवसा फार पाहिलं नाही. आता दिवसा खेळ. स्वयंपाक तासभर उशिरा झाला तर कुणी उपाशी राहत नाही.

बाबा, तुमची त्या बंदुकीच्या गेममधली बदकं मात्र नव्या टीव्हीवर मारता येणार नाहीत. मी खूप खटपट केली. त्या बंदुकीचा घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतला डोळा तो उजेड बघतो आणि ठरवतो, लागलं की नाही. जुन्या फुगीर टीव्हीत चित्र तत्क्षणी उमटतं. सपाट टीव्ही ते उमटवायला जरासा वेळ घेतो, आणि तेवढ्यात बंदुकीचा हिशोब चुकतो. म्हणून माडीवरचा डबा-टीव्ही भंगारात देऊ नका. त्याला चादर घाला, पण देऊ नका. यंत्र आणि बंदूक मी त्याच्याखालच्या खणात ठेवली आहे. दिवाळीत अर्णवला तुम्ही शिकवायचं. डाव्या हाताने धरा तोवर.

आता नीट ऐका. डबा माडीवरच राहील, कुणी कितीही म्हटलं तरी खाली टीव्हीजवळ आणायचा नाही. पाऊस सुरू झालाय. आयर्विनला ४० फूट झाले की बॅग भरायची, ४५ ची वाट बघायची नाही, आणि डबा-बिबा तिथेच सोडून निघायचं. त्यातल्या सगळ्याची एक प्रत माझ्याकडे आहे, एक दादाकडे. परत आणायला जायचं नाही, बाबा. वचन द्या. लाईट गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तासभर तग धरतो, राउटर मी इन्व्हर्टरवर जोडलाय. पण लॅपटॉपचं अंग कधी फुगल्यासारखं दिसलं तर लगेच बटण बंद करून मला फोन करायचा. त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, आई.

प्लास्टर भिजवायचं नाही. आत खाजवायला विणायची सुई घालायची नाही, मला कळलंय. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर. घाटाच्या पायऱ्यांवर आता शेवाळ असेल, कार्तिकापर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही. सकाळचं फिरणं मात्र चुकवायचं नाही. बंड्या नाही म्हणून तुम्ही आठवडाभर बाहेर पडला नाहीत, हेही कळलंय. गणपतीच्या देवळापर्यंत सपाट रस्ता आहे, शेजारचे काका रोज सहाला निघतात, मी त्यांना सांगून ठेवलंय. रागवा माझ्यावर, पण जा.

रोज संध्याकाळी मी बंड्याला टेकडीवर नेते आणि दोन-तीन मिनिटांचं चित्रण करते. रात्री ते आपोआप तुमच्या डब्यात येतं. "बंड्या" नावाच्या चित्रात जा, सगळ्यात वरचं त्या दिवसाचं. आजवर सात झाली आहेत. आई म्हणाली, तुम्ही एकही उघडलं नाही. घाई नाही. ती पुसली जात नाहीत. परवाच्या चित्रणात दूरवर कुणीतरी तुमच्यासारखी शीळ घालतं, तर तो कान उभे करून थांबतो आणि पुढे यायलाच तयार होत नाही. ते आधी बघू नका, बुधवारचं बघा, त्यात तो चिखलात लोळतोय.

प्लास्टर निघालं की दोघांनी इकडे या. श्रावणात या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे कमोडवाली खोली मागून ठेवली आहे, आईला जिना नको. आणि पट्टा मी धरीन, तुम्ही नुसते त्याच्या बाजूने चाला.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, तुमची करड्या रंगाची लोकरीची बंडी सापडत नसेल तर ती मी आणली आहे. बंड्याच्या अंथरुणात आहे. धुतलेली नाही.