आई-बाबा, मी का आणि कशी धावतेय

ती. आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

आई, दिवाळीत तू विचारलंस, "पंचावन्नाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटर धावून कुणाला दाखवायचंय?" घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. ते असे गप्प झाले की आतून काळजी करत असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. फोनवर तुम्हा दोघांना नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि तुला जिथे शंका येईल तिथे पेन्सिलीने खूण करावी. रविवारी दुपारी मी फोन करेन तेव्हा एकेक खूण घेऊन बोलू.

आधी हृदयाचं. तुझी सगळी भीती तिथेच आहे आणि ती रास्त आहे. बाबांना स्टेंट बसवला तेव्हा त्यांची साठीही झाली नव्हती. वडिलांना असा त्रास असला की मुलांनी जास्त जपायचं असतं. म्हणून धावण्याचं वेळापत्रक हातात घेण्याआधी मी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले आणि पहिल्याच वाक्यात बाबांबद्दल सांगितलं. ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, हिमोग्लोबिन असं सगळं तपासून झालं. रिपोर्ट चांगले आले. तरीही डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. छातीवर दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, चक्कर आली, नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. अंगात ताप असताना धावायचं नाही. यात "बघू थोडं पुढे जाऊन" नाही.

बाबा, तुमचं आकड्यांशिवाय समाधान होत नाही, म्हणून हेही सांगते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी तपासल्या. धावताना किंवा धाव संपल्यावर लगेच हृदय बंद पडल्याच्या घटना त्यांत ५९ निघाल्या, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून बरंच कमी होतं. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. मात्र तो कमी करायला जे जे करता येतं ते मी करते आहे आणि या पत्रात मुख्यतः तेच आहे.

मी पाळते ती योजना अठरा आठवड्यांची आहे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून उलटं मोजत आलं की सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. त्याआधी पावसाळाभर मी फक्त पाया घातला, सावकाश आणि थोडं थोडं धावून. आता दर रविवारी लांब पल्ला असतो. तीन रविवार तो दोन-तीन किलोमीटरने वाढतो आणि चौथ्या रविवारी मुद्दाम कमी करायचा असतो. सगळ्यात लांब धाव ३२ किलोमीटरची आहे, ती डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी येईल. त्यानंतरचे तीन आठवडे धावणं उतरवत न्यायचं, म्हणजे शर्यतीच्या दिवशी पाय ताजे राहतात.

दादाने विचारलं होतं, आधी एकदा पूर्ण बेचाळीस धावून बघायला नको का? नको. बत्तीसच्या पुढे शरीराला जो मार बसतो तो भरून यायला काही आठवडे लागतात आणि त्या मानाने हाती फारसं काही लागत नाही. ते शेवटचे दहा किलोमीटर शर्यतीच्याच दिवशी धावायचे असतात.

आता वयाचं. तरुण मुलांच्या वेळापत्रकात आठवड्याला पाच-सहा दिवस धावणं असतं. माझा दम त्यालाही पुरेल, पण पोटऱ्या आणि टाचेमागचा स्नायुबंध तेवढ्या वेगाने सावरत नाहीत. स्नायुबंधाला रक्तपुरवठा मुळातच कमी आणि वयाबरोबर तो अधिक ताठर होत जातो. शिवाय पाळी थांबल्यानंतर हाडांचं संरक्षण करणारं इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं. म्हणून मी तीन दिवस धावते, दोन दिवस वजनांचा व्यायाम करते, एक दिवस पोहते आणि एक दिवस काहीही करत नाही. तो रिकामा दिवस मी रविवारच्या धावेइतक्याच काटेकोरपणे पाळते. लोकांना वाटतं वेळापत्रक म्हणजे स्वतःला हाकत नेणं. माझ्या वयात त्याचा खरा उपयोग हात आखडता ठेवायला होतो. एखाद्या सकाळी अंगात उत्साह असतो, हवा छान असते, सोबतची मंडळी आणखी पाच किलोमीटर जाऊ म्हणतात आणि कागदावर आठच लिहिलेले असतात. मी आठ संपवून घरी येते. दुखापती बहुतेक त्या जादाच्या पाचांतच होतात.

बाबा, आता तुमच्या कामाची गोष्ट. वय वाढतं तसा हृदयाचा कमाल वेग कमी होतो. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे, असं एक सूत्र आहे. करून बघा, माझे १६९.५ येतात. हा अर्थात सरासरीचा अंदाज आहे, माणसागणिक तो दहाएक ठोक्यांनी मागेपुढे होऊ शकतो. माझं बहुतेक धावणं १२५ ठोक्यांच्या आसपास असतं, म्हणजे बरंच सावकाश. पण मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला तुमची कसोटी जास्त भरवशाची वाटते. तुम्ही पहाटे पाठ करून घेतलेला एकोणतीसचा पाढा मी धावता धावता मोठ्याने म्हणते. दहापर्यंत सलग म्हणता आला तर वेग बरोबर आहे, मध्येच श्वास तुटला तर कमी करायचा. तज्ज्ञही हेच सांगतात, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने बहुतेक वेळ धावावं. उपवन तळ्याकाठी फिरायला येणारे आजोबा आता माझ्याबरोबर पाढा म्हणतात.

मी मध्ये मध्ये चालते, हे ऐकून तुला बरं वाटेल, आई. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, तेही अगदी सुरुवातीपासून, दमल्यावर नव्हे. ही रीत जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने रुजवली. तो १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावला होता आणि पुढे सामान्य माणसांना धावायला शिकवू लागला. चालण्याच्या त्या मिनिटात पाय सावरतात आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत ताकद उरते.

गुडघ्यांचं तू दर वेळी विचारतेस. तुझे गुडघे दुखतात म्हणून माझेही जातील असं तुला वाटतं. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं, न धावणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. मुळात ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात, हाही त्यातला एक भाग असणार. पण मध्यम धावण्याने सांधे झिजतात ही समजूत यात टिकत नाही, आणि माझं धावणं मध्यमच आहे.

खाण्याबाबत तू कायम बरोबर होतीस. "पोटात काहीतरी घालून जा" हे तुझं वाक्य लांब पल्ल्याच्या धावण्याचं अर्धं शास्त्र आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस-बत्तीस किलोमीटरला संपत येते, मग पाय उचलेनासे होतात. म्हणून निघण्याआधी केळं किंवा तूप लावलेली पोळी, आणि वाटेत दर अर्ध्या-पाऊण तासाने खजूर नाहीतर चिक्कीचा तुकडा. लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी जवळ असतं. मात्र बाबा, "सारखं पाणी पीत राहा" हे मी पाळत नाही. तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहानेला पाणी, इतकंच. घरी आल्यावर डाळ, दही, पनीर यांचं प्रमाण मी वाढवलं आहे, कारण वाढत्या वयात तेवढाच स्नायू टिकवायला प्रथिनं जास्त लागतात.

आता "कुणाला दाखवायचंय" याचं उत्तर. आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उठून चालली नाही. आई, तिचं सगळं तू केलंस, तेही किती महिने. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीत घरी आले की तुझे सुजलेले हात बघायचे. पन्नाशीनंतर हाडांची तपासणी केली तेव्हा माझ्याही मणक्याची घनता थोडी कमी निघाली. औषधं आहेत, कॅल्शियम आहे, ड जीवनसत्त्व आहे. पण हाडावर आणि स्नायूवर भार पडला तरच ती भार पेलायला सज्ज राहतात. मला सत्तरीत, ऐंशीत स्वतःच्या पायांवर उभं राहायचं आहे. त्याहून आधी, तुम्हाला दोघांना गरज लागेल तेव्हा सांगलीला येऊन उभं राहण्याइतकी ताकद मला हवी आहे.

आणि आनंदही आहे, तो का लपवू? ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटे साडेचारला उठणं जड जायचं. पण उजाडल्यावर येऊरचा चढ चढताना, झाडांतून पहिलं ऊन येतं तेव्हा, नोकरी, घर, मुलं, सगळ्यांच्या मागण्या संपून मी एकटी माझी असते. आई, तुला अशी वेळ कधी मिळाली का, हे मी तुला आजवर विचारलेलं नाही. रविवारी सांग.

तुला एका बाईबद्दल सांगायचंय. कॅथरीन स्विट्झर. ती आणि तू साधारण एकाच वयाच्या. तुझं लग्न झालं त्याच वर्षी, १९६७ मध्ये, तिने बॉस्टन मॅरेथॉनसाठी आद्याक्षरं देऊन नाव नोंदवलं आणि छातीवर नंबर लावून ती धावायला लागली. बाईमाणूस धावतंय हे दिसल्यावर एका अधिकाऱ्याने वाटेतच तो नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही, शर्यत पूर्ण केली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. आणि २०१७ मध्ये, सत्तराव्या वर्षी, कॅथरीन पुन्हा बॉस्टनला पूर्ण अंतर धावली. बाबांसाठी कॅनडाचे एड व्हिटलॉक. २००४ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या रस्त्यावर ते तासन्‌तास सावकाश फेऱ्या मारायचे. एवढा मोठा धावपटू सरावात इतका हळू धावायचा, याने मला फार धीर येतो.

आता तुम्हाला एक काम देते. हे माझ्या धावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जेवणाच्या टेबलाची हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं, जमेल तितक्या वेळा, एक दिवसाआड. जमत नसेल तर आधी मांडीवर हात टेकून. आईने ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या, मग एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, हात ओट्यापासून लांब न्यायचा नाही. बाबा आमराईत रोज फिरतात ते उत्तम आहे, पण चालण्याने मांड्यांची ताकद पुरेशी टिकत नाही. त्याला उठबशाच लागतात. बाबांनी सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि दम लागला की थांबा. वहीत तारीख घालून आकडा लिहा, मी दर रविवारी विचारणार आहे.

जानेवारीत तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे. शर्यत सीएसएमटीपासून निघते आणि परत येताना पेडर रोडचा चढ लागतो, साधारण पस्तिसाव्या किलोमीटरला, नेमके पाय संपत आलेले असताना. तिथे गर्दी असेल, म्हणून तुम्ही मरीन ड्राइव्हवर कठड्यापाशी बसा. तो चढ उतरून मी तिथूनच जाणार. सोबत नातू असेल, खुर्च्या आणि थर्मास तो आणेल. मी आठच्या आधी येणार नाही, बहुतेक बऱ्याच उशिरा येईन, तेव्हा नाश्ता करून निघा आणि बाबांच्या सकाळच्या गोळ्या चुकवू नका. आई, तुझ्या हातची शेंगदाण्याची चिक्की आण. ती तिथे तुझ्याकडून घेऊन मी पुढे जाईन.

महालक्ष्मीची तिकिटं मी काढते, दोन्ही खालचे बर्थ मिळतील असं बघते. फक्त येणार की नाही ते या आठवड्यात कळवा, कारण त्या दिवसांत गाडी लवकर भरते.

तुमची,
मीनू