सुहासला पत्र: स्पीकर निवडण्याआधी त्यांची जागा ठरव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बुकशेल्फ स्पीकरची, म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर ठेवायच्या लहान स्पीकरची, यादी छाटत छाटत तीन जोड्यांवर आलास आणि आता 'यातली कुठली घेऊ ते तू सांग' म्हणतोस. सांगतो, पण एक गोष्ट मला खटकली. वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) कागदी की पॉलिप्रॉपिलीनचा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) रेशमी की ॲल्युमिनियमचा, हे सगळं तू बारकाईने लिहिलंस. स्पीकर भिंतीपासून किती लांब राहणार, तू कुठे बसणार आणि खोली केवढी आहे, यावर मात्र एक ओळसुद्धा नाही. बुकशेल्फ स्पीकरची अर्धी निवड तिथेच होते, असं माझं ठाम मत आहे.

आधी खर्जाबद्दल, म्हणजे अगदी खालच्या, जाड सुरांबद्दल बोलू, कारण तुझा जीव त्यातच अडकलाय. तुला पेटी, म्हणजे स्पीकरचं खोकं, लहान हवी, खर्ज खोल हवा आणि तुझ्या २५ वॅटच्या ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) ती दणकून वाजायलाही हवी. हे तिन्ही एकत्र मिळत नाही. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावात ज्याचा 'एच' आहे त्या जोसेफ हॉफमनने हा हिशेब मांडून ठेवला आहे: पेटीचा आकार, खर्जाची खोली आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, यातलं काहीही दोन घे, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. ८० हर्ट्झचा (सेकंदाला ८० कंपनांचा) सूर जेवढ्या जोराने निघतो तेवढ्याच जोराने ४० हर्ट्झचा काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावं लागतं. पाच इंची पडद्याकडे तेवढी जागाच नसते.

लहान पेटीतून खर्ज काढण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न १९५४ सालचा, अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा एआर-१ हा स्पीकर. एडगर विल्चरने पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग बनवलं. त्याआधी तेवढ्या खर्जासाठी माणसाच्या उंचीचं खोकं लागायचं. किंमत मोजावी लागली ती ॲम्पला: त्याच आवाजासाठी वॅट जास्त लागू लागले. म्हणजे हॉफमनचा हिशेब विल्चरलाही चुकला नाही.

म्हणून तपशिलाच्या कागदावर '४५ हर्ट्झ' छापलेलं दिसलं की तो आकडा आवाजाच्या किती डेसिबलच्या (आवाजाची पातळी मोजायच्या एककाच्या) घसरणीला मोजलाय ते आधी शोध. तीन डेसिबल खाली असताना ४५ आणि दहा डेसिबल खाली असताना ४५, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काहीच लिहिलं नसेल तर त्या आकड्याकडे ढुंकूनही बघू नकोस.

खर्जाची हाव जरा बाजूला ठेवलीस, तर चांगली लहान पेटी जे देते ते अनेक मोठ्या पेट्यांना जमत नाही: माणसाचा आवाज. बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर १९७० च्या दशकात तयार झाला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी. आत जागा जेमतेम, आणि निवेदकाचा आवाज खरा येतोय का हे तर तिथेच ठरवायचं. पेटी बंद, जेमतेम एक फूट उंच, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटवर किती मोठा आवाज निघतो ते माप) ८२-८३ डेसिबल म्हणजे ॲम्पला चांगलंच दमवणारी, आणि खर्ज फार खाली न जाणारा. तरीही पन्नास वर्षं उलटली तरी लोक तो शोधून घेतात, कारण त्यावर गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. तुलाही हेच ऐकायला आवडतं, मला माहीत आहे. गाणं लावलंस की तू आधी शब्द ऐकतोस.

ऐकून पाहायला जाशील तेव्हा म्हणूनच आवाजापासून सुरुवात कर. तुला तोंडपाठ असलेलं, कमी वाद्यांचं एखादं ध्वनिमुद्रण ने. गायिकेचा 'स' आणि 'श' कानात टोचतो का? दोन ओळींच्या मधला श्वास ऐकू येतो का, की तो मुद्दाम पुढे आणून दाखवल्यासारखा वाटतो? पुरुषाचा आवाज छातीतून येतो की डब्यातून? मग तंबोरा ऐक. तारेवर तार मिसळून जी झालर उठते ती अखंड राहिली पाहिजे. ट्वीटर आणि वूफर यांचं जिथे पटत नाही तिथे ती झालर तुटते किंवा वरचा भाग वेगळा चमकतो. तबल्याच्या डग्ग्यावर हाताच्या दाबाने सूर वर चढतो, ती चढण गुळगुळीत यायला हवी. मधलाच एखादा सूर फुगला तर तो पेटीचा किंवा त्या खोलीचा दोष समज.

आता एक परीक्षा, जी फार कमी लोक करतात. गाणं चालू ठेवून खुर्चीतून उठ, उभा राहा, मग डावीकडे चार पावलं चाल. आवाज थोडा बदलेल, ते चालतं. पण शब्दांतली धारच गेली किंवा आवाज पोकळ झाला तर ती जोडी सोड. वूफर आणि ट्वीटर अशा दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास वूफर काम थांबवतो आणि ट्वीटर सुरू होतो, आणि नेमका तिथेच आपला कान सगळ्यात तिखट असतो. साडेसहा इंची वूफर त्या पट्टीपर्यंत पोहोचताना आवाज समोरच्या अरुंद झोतात फेकायला लागतो, तर छोटा ट्वीटर तोच आवाज चहूकडे पसरवतो. समोर बसून हे लक्षात येत नाही. पण तुझ्या कानावर पडतो त्यातला बराचसा आवाज भिंती आणि छतावरून परतून आलेला असतो, आणि त्यात हा बेबनाव स्पष्ट उमटतो. ट्वीटरभोवती उथळ शिंगासारखा खोलगट भाग देतात तो याचसाठी. केईएफ या ब्रिटिश स्पीकर कंपनीने १९८८ मध्ये युनि-क्यू आणला तेव्हा ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवला, त्यामागेही हाच विचार होता.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल या ध्वनिसंशोधकाने वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवलं. समोरचा आवाज सपाट (कुठलाही सूर न फुगवलेला, न दाबलेला) आणि बाजूंना जाणारा आवाज हळूहळू, एकसारखा उतरत जाणारा, असे स्पीकर लोकांनी पुन्हा पुन्हा पसंत केले. पुढे १९९४ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून ऐकवले, तर लोकांनी दिलेले गुण बदलले. आकार, दिसणं आणि नाव डोळ्यांतून कानात शिरतं. म्हणून ऐकताना डोळे मिट, आणि सोबतच्या माणसाला जोड्या बदलायला सांग. मुख्य म्हणजे दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घे. एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. फोनवरच्या ध्वनिमापकानेही हे काम भागतं.

ॲम्पबद्दल थोडक्यात. ८३ आणि ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरमध्ये सारख्या आवाजासाठी लागणाऱ्या वॅटचा फरक तिपटीहून जरा जास्तच पडतो. सरासरी एका वॅटवर ऐकत असलास तरी अचानक २० डेसिबलने उसळणाऱ्या क्षणाला १०० वॅट लागतात. तुझ्या २५ वॅटला ८६-८७ च्या वरची जोडी बरी, आणि इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) ४ ओहमच्या खाली घसरणारी नको. केबलवर पैसे उडवू नकोस. काही मीटरच्या अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. लाल-काळं मात्र नीट जोड. एका बाजूचं उलटं झालं की खर्ज गायब होतो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देत बसतो.

आता जागा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धर. वूफर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट सुमारे १४३ हर्ट्झला उलटी होऊन भेटते आणि तिथला आवाज खाऊन टाकते. पुरुषाच्या आवाजाचा पाया याच भागात आहे. अंतर ३० सेंटिमीटर केलंस तर हा खड्डा २८६ च्या आसपास सरकतो, मीटरभर केलंस तर ८६ वर जातो. शिवाय चार मीटर लांबीची खोली ४३ हर्ट्झला स्वतःच घुमते. पाठ भिंतीला टेकून बसलास तर तो घुमारा सगळ्यात जास्त, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलास तर तो सूर जवळजवळ नाहीसा. त्यामुळे घरी आणल्यावर एकच पुरुषी आवाजाचं गाणं लावून स्पीकर थोडे थोडे मागेपुढे सरकव, वीतभर सुद्धा नाही, अर्धी वीत. एका जागी आवाज छातीसकट उभा राहतो आणि तुला ते लगेच कळेल. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला हवा. दोन स्पीकर आणि तू यांचा समभुज त्रिकोण धरून सुरुवात कर, मग तोंडं किती आत वळवायची ते कानाने ठरव.

हे सगळं डोक्यात ठेवून तुझ्या तीन जोड्या. स्पीकर पुस्तकांच्या फळीवर, भिंतीला लागूनच राहणार असतील तर बंद पेटीची घे. भिंत खर्ज उचलते आणि बंद पेटीचा खर्ज दर सप्तकाला १२ डेसिबलने सावकाश उतरतो, त्यामुळे दोघांचं जमतं. पण तिची सेन्सिटिव्हिटी ८४ आहे, तेव्हा आवाज बेताचाच ठेवावा लागेल. खर्ज वाढवायला मागे भोक ठेवलेली पेटी त्या जागी ठेवलीस तर डग्गा फुगेल. तशी वेळ आलीच तर भोकात स्पंजचा बोळा घालून पाहा. स्टँडवर, भिंतीपासून मोकळं ठेवता येत असेल तर मी डोळे मिटून मधोमध ट्वीटर असलेली जोडी घेईन. साडेसहा इंची वूफरची तिसरी तू खर्जासाठी यादीत ठेवलीयस, पण बाजूला सरकलं की तिचा आवाज मंदावतो असं तूच लिहिलंयस. ती नको. खर्जाची भूक उरलीच तर वर्षभराने सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) जोडता येईल. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्यावर टाकलं की लहान पेटी आणखी मोकळी गाते.

टेप घेऊन खोलीची लांबी, रुंदी, उंची मोज. बसल्यावर जमिनीपासून कान किती उंचीवर येतो तेही मोज आणि सगळं कळव. स्टँड केवढे हवेत ते मी लगेच काढून देतो. फळीचीच जागा असेल तर फळीची खोली आणि मागे किती मोकळं राहतं तेवढं लिही.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
विनय